पीटची आग आणि काडीचा प्रश्न

रावेरकर
वणवे माणूसच लावतो, उत्तरेकडील पीटच्या (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) आगींशी हवामानबदलाचा संबंध जोडणे हा परदेशी कांगावा आहे, असे एका सदस्याने काल येथे ठासून लिहिले, म्हणून हा प्रपंच. पीटचा थर पाण्याने भिजलेला असतो तोवर त्यावर काडी टाकूनही काही होत नाही. पण बर्फ लवकर वितळून उन्हाळा लांबला आणि पाण्याची पातळी खाली गेली, की एका ठिणगीने तोच थर उकिरड्यासारखा आतून धुमसू लागतो. २००७ साली अलास्कात अनाक्तुवुक नदीकाठी सुमारे १००० चौरस किलोमीटर टुंड्रा जळाला, तो वीज पडून. तेथे काडी कोणाची होती?

धुळेकर
काल ते मीच लिहिले होते. २०१० साली मॉस्कोभोवतीचे पीट पेटले, कारण सोव्हिएत काळात चर खणून ते कोरडे केले होते. दोष कुदळीचा, खापर मात्र हवामानावर! आमच्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्या की लगेच शेतकरी आरोपी. गेल्या फाल्गुनात माझ्या बांधावर येऊन दमदाटी करणाऱ्या साहेबांनी, न जाळता पऱ्हाट्या मातीत गाडायच्या तर रोटाव्हेटरचे भाडे कोण देणार, हे मात्र सांगितले नाही.

यावलची लेक
भाऊ, भाड्याचे रडगाणे पुरे. आमच्या शेजारच्याने पेटवलेल्या पऱ्हाट्यांची आग वाऱ्याने आमच्या केळीत शिरली आणि कडेच्या ओळीतील घड निसवणीतच करपले. त्याची भरपाई कोणी दिली?

धुळेकर
शेजाऱ्याचा राग माझ्यावर काढू नये. मी वारा पाहूनच पेटवतो.

रावेरकर
वारा आपल्याला विचारून फिरत नाही. पण पऱ्हाट्यांचाच हिशेब हवा असेल तर ऐकावा: त्यांतला कार्बन त्याच खरिपात हवेतून आलेला असतो, तर पीटमधला हजारो वर्षे साठलेला असतो आणि तो एका उन्हाळ्यात बाहेर पडतो. जगाच्या जेमतेम ३ टक्के जमिनीवरील पीटमध्ये सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा अधिक कार्बन आहे. मॉस्कोच्या चरांबद्दल वाद नाही, परंतु कॅनडात २०२३ च्या उन्हाळ्यात लागलेल्या काही आगी बर्फाखाली धुमसत राहिल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्येही ब्रिटिश कोलंबियात त्यांचा धूर दिसत होता. तेथे कोणत्या सोव्हिएताने चर खणले होते?

धुळेकर
बर्फाखालची आग मान्य, नाइलाजाने. आता पऱ्हाट्यांतला कार्बन त्याच खरिपातला असतो, हे वाक्य आपल्या सहीनिशी लिहून द्यावे. साहेब पुन्हा बांधावर आले की दाखवता येईल.

यावलची लेक
आणि आमच्या केळीच्या पंचनाम्यालाही तेच जोडावे का?