मांडीमागचं टेंडन हाडापासून सुटलं तर चाळिशीनंतर ऑपरेशनची घाई नको

येऊरवाट
गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या ओल्या फरशीवर माझा डावा पाय पुढे सरकत गेला. गुडघा सरळ, कंबरेत वाकलेली. मागे काहीतरी तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. तिसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू गुडघ्यापर्यंत काळीनिळी. एमआरआयमध्ये दिसलं की हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या, तिन्ही स्नायूंची टेंडन्स (स्नायू हाडाला जोडणारे दोर) बैठकीच्या हाडावरून सुटली आहेत. वय ४८.

पहिल्या सर्जननी सांगितलं, दोन आठवड्यांच्या आत शिवून घ्या. दुसऱ्यांनी विचारलं, तुम्हाला पुन्हा काय काय करायचंय? म्हटलं, लोकलने घाटकोपरला नोकरीला जायचंय आणि रविवारी येऊरच्या डोंगरावर चालायला. ते म्हणाले, मग फिजिओथेरपीचाही विचार करा.

मी ऑपरेशन केलं नाही. स्वीडन-नॉर्वेच्या रुग्णालयांत ३० ते ७० वयाच्या अशाच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते, एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याला फक्त व्यायाम. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. दोन वर्षांनी रुग्णांनी स्वतः सांगितलेला त्रास आणि हालचाल पाहिली, तर ऑपरेशनवाले सरस ठरले नाहीत. हे मला पहिल्याच भेटीत कुणी का सांगितलं नाही? घरचे तर 'तुटलंय म्हणजे शिवायलाच हवं' यावर ठाम होते. माझ्यासारख्या माणसाने टेबलावर जायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेडर_खारीगाव
ताई, तुमचं बरं झालं याचा आनंद आहे, पण हे वाचून आमच्या मैदानावरची पोरं घरी बसतील. मी २९ वर्षांचा, कबड्डी खेळतो. बोनस घ्यायला पाय लांब टाकला आणि गेलं. गावात शेक-मालिश करून घेतलं, एमआरआय चार महिन्यांनी. तोवर खुर्चीत बसलं की तळपायापर्यंत आग व्हायची. ऑपरेशनमध्ये कळलं, सुटलेलं टेंडन खाली सरकून सायटिक नसेला (कंबरेतून पायात जाणारी मोठी नस) चिकटलं होतं. ते सोडवण्यातच बराच वेळ गेला. जखम ताजी असताना हेच काम सोपं असतं. बेन स्टोक्सला हॅमिल्टनमध्ये डिसेंबर २०२४ ला दुखापत झाली, जानेवारीत ऑपरेशन, आणि उन्हाळ्यात तो आपल्याविरुद्ध खेळला. 'थांबून बघू' यात वेळ निघून जातो, तो परत मिळत नाही.

येऊरवाट
दादा, मी चाळिशीनंतर म्हटलंय. आणि स्टोक्सचं पोटच खेळावर आहे.

नेरुळ_फिजिओ
मी रोज असे पाय हाताळते, म्हणून थोडं सविस्तर. स्वीडन-नॉर्वेचा तो अभ्यास चांगला आहे, पण त्यातला निष्कर्ष गटाच्या सरासरीचा आहे. किती टेंडन्स सुटली, ती दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त खाली ओढली गेली का, नसेची लक्षणं आहेत का, हे प्रत्येकाचं वेगळं पाहावं लागतं.

दुसरं म्हणजे 'ऑपरेशन नाही' याचा अर्थ आराम नव्हे, आणि इथेच लोक फसतात. दीड महिन्यात दुखणं ओसरतं, माणसं यायची बंद होतात. खरं काम तेव्हा सुरू व्हायचं असतं: पाठीवर झोपून कंबर उचलणं, मग एका पायावर, मग ताणलेल्या स्नायूवर हळूहळू भार. कित्येक महिने. तरीही दुसऱ्या पायाइतकी ताकद बऱ्याचदा येत नाही. चालणं, जिना निभतो. बस पकडायला धावलं की ती उणीव जाणवते. ताईंनी नेमाने केलं म्हणून त्या येऊर चढताहेत. पामबीच रोडवर पळणाऱ्या ५० वर्षांच्या माणसाला मी हाच सल्ला डोळे मिटून देणार नाही.

नौपाडा_तिसरा_मजला
मी ५२, भरतनाट्यम शिकवते. दहाव्या दिवशी ऑपरेशन केलं. सहा आठवडे कुबड्या, गुडघा वाकवून ठेवणारा पट्टा, त्या बाजूवर बसायचं नाही, आणि इमारतीला लिफ्ट नाही. सून नसती तर मी काय केलं असतं कोण जाणे. मांडीमागे तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे. तरीही पुन्हा हेच करेन. येऊरवाट ताई, पुढे वाकून पाय सरळ ताणणं हे माझं रोजचं काम आहे, त्यात वय कुठून आलं? तुमचं शीर्षक मला पटत नाही.

येऊरवाट
तुमचा मुद्दा मान्य. 'चाळिशीनंतर'ऐवजी 'धावायचं, नाचायचं, खेळायचं नसेल तर' असं म्हणायला हवं होतं, शीर्षक आता बदलता येत नाही. पण एक सांगा, बधिरपणा राहू शकतो हे तुम्हाला ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी सांगितलं होतं का? मला पहिल्या सर्जननी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, ना बधिरपणाचं, ना नसेचं, ना कुबड्यांचं. माझा राग त्यावर आहे, आणि तो तसाच आहे. लोकलच्या कडक बाकावर मी अजून टॉवेलची घडी घालून बसते, तेही मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

नौपाडा_तिसरा_मजला
सांगितलं होतं. चित्र काढून.