प्रति: धूर नको, मग बायोएथेनॉलच घ्यावं का?
धुराड्याची कटकट नाही म्हणून घरात बायोएथेनॉलची (वनस्पतींपासून केलेल्या अल्कोहोल इंधनाची) शेकोटी घ्या, हा सल्ला अर्धाच खरा. धूर नसला तरी ती खोलीतलाच ऑक्सिजन खाते, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ खोलीतच सोडते. खिडकी किंचित उघडी हवीच. खरा धोका इंधन भरताना. बारीक झालेली ज्योत उजेडात दिसतच नाही, विझली समजून वरून ओतलं की भडका थेट बाटलीत. बर्नर पूर्ण गार झाल्यावरच भरा.

नुसती शोभा हवी तर इलेक्ट्रिक बरी. पण 2000 वॉटची 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढते, तेव्हा एक्स्टेंशन बोर्ड नको.

लाकडाचीच हवी? मग चिमटा-फावड्याच्या देखण्या सेटआधी ओलावामापक घ्या. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. 20 टक्क्यांवर आकडा गेला, म्हणजे लाकूड ओलं; ते जाळलं की धुराड्यात धुराचं डांबर साचलंच म्हणून समजा.