आज कसला दिन? सोसायटीच्या ग्रुपवर शनिवारची सकाळ

नाना (डी-१०१): शुभ सकाळ 🙏 आज ३० मे, आंतरराष्ट्रीय बटाटा दिन. सर्व सभासदांना हार्दिक शुभेच्छा.

सावंत, सेक्रेटरी (ए-३०४): नाना, पाया पडतो तुमच्या. हा ग्रुप नोटिसांसाठी आहे. गेल्या शनिवारी कासव दिन, त्याच्या दोन दिवस आधी चहा दिन. त्या गडबडीत टाकी सफाईची नोटीस वर गेली ती गेलीच, आणि बी विंगचे निम्मे लोक साबण लावून बसले.

प्रिया (सी-२०१): बटाट्याला पण दिन?? 😂 दिला कोणी?

नाना (डी-१०१): युनोने. डिसेंबर २०२३ मध्ये ठराव झाला, २०२४ पासून साजरा होतो. पेरू या देशाने मागणी लावून धरली होती. बटाटा मूळचा तिकडचाच, अँडीज पर्वतातला. मी आलं ते पुढे ढकलत नाही, नीट शोधून टाकतो.

शहा भाई (ए-१०२): नाना, आमच्या घरात बटाटा येत नाही. शुभेच्छा साभार परत 😀

वानखेडे (बी-५०१): बटाट्याला दिन मिळाला अन् कांद्याला नाही? लासलगाववाले झोपले होते काय?

कुलकर्णी काकू (बी-२०२): हे दिन ठरवतं तरी कोण? रोज एक नवीन. वसुबारस, नागपंचमी लक्षात ठेवता ठेवता इथे नाकी नऊ येतात.

देशपांडे सर (सी-४०३): काकू, शाळेत मुलंही हेच विचारायची. युनोची आमसभा ठरवते अशी समजूत आहे, आणि काहींच्या बाबतीत ती खरीही आहे. योग दिन बघा. सप्टेंबर २०१४ मध्ये भारताने सुचवलं, डिसेंबरात ठराव, २१ जून २०१५ ला पहिला योग दिन. डाळींनाही युनोचा दिवस आहे, १० फेब्रुवारी. टूना माशालाही आहे, २ मे. पण बाकीचे कित्येक दिन एखाद्याच माणसाच्या डोक्यातून निघालेत. चिमणी दिन, २० मार्च, हा आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी काढला, २०१० पासून, आणि आता कुठल्या कुठल्या देशांत पाळतात. इडली दिन ३० मार्चला असतो, तो २०१५ साली चेन्नईतल्या एका इडलीवाल्याने सुरू केला. आणि अमेरिकेत १९ सप्टेंबरला समुद्री चाच्यांसारखं बोलायचा दिवस असतो! दोन मित्रांनी १९९५ साली खेळता खेळता ठरवला. तारीख कशी निवडली? त्यातल्या एकाच्या घटस्फोटित बायकोचा वाढदिवस. तारीख तोंडपाठ होती आणि त्या दिवशी आता दुसरं काही काम उरलं नव्हतं.

प्रिया (सी-२०१): 😂😂😂

सावंत, सेक्रेटरी (ए-३०४): म्हणजे कोणीही काढू शकतं तर. मग मी आजच जाहीर करतो, मेंटेनन्स वेळेवर भरा दिन. दर महिन्याच्या १० तारखेला.

वानखेडे (बी-५०१): त्यापेक्षा दोन्ही लिफ्ट चालू दिन काढा. वर्षातून एकदाच येईल, लक्षात ठेवायला सोपा.

सावंत, सेक्रेटरी (ए-३०४): लिफ्टवाला सोमवारी येतोय. कळवलंय.

पेडणेकर काकी (ए-५०२): सोमवारी म्हणजे खयच्या सोमवारी, तां पण सांगा.

केतन (डी-६०२): इथे न्यू जर्सीत अजून २९ तारीखच आहे, आमचा बटाटा दिन उजाडायचाय. पण दिन काढण्यात यांचा हात कोणी धरणार नाही. जूनच्या पहिल्या शुक्रवारी डोनट दिन. आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात २ फेब्रुवारीला पहाटे एक गुबगुबीत जनावर बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे. उंच टोप्या घातलेले लोक गंभीर चेहऱ्याने निकाल वाचून दाखवतात. १८८७ पासून चाललंय.

वानखेडे (बी-५०१): हसू नको बाबू. आमच्या बुलढाण्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्यं. रात्रभर तिथे कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातले महाराज दाणे कुठे सरकले, विड्याचं काय झालं ते बघून भाकीत सांगतात. पाऊस, पीक, रोगराई, वरून राजाची गादी टिकते का तेही. टीव्हीवाले रात्रीच येऊन बसतात. तुमचं जनावर नुसती थंडी सांगते.

केतन (डी-६०२): मान्य. भेंडवळ जिंकलं.

देशपांडे सर (सी-४०३): भाकीत खरं किती येतं याचा हिशोब दोन्हीकडे कोणी मागत नाही, हे मात्र सारखं आहे.

प्रिया (सी-२०१): सर, तुमचा आवडता दिन कोणता? पाय (π) दिन असणार.

देशपांडे सर (सी-४०३): १४ मार्चचा? तो सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी १९८८ साली सुरू केला. ते लोक महिना आधी लिहितात म्हणून त्यांचं ३/१४ जमतं. आपण तारीख आधी लिहिणार, आपल्या १४/३ मधून काय निघणार? आपला पाय दिन २२ जुलै. बावीस सप्तमांश. आणि ३.१४ पेक्षा २२/७ हे पायच्या जास्त जवळ जातं. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी भागाकार करावा.

सावंत, सेक्रेटरी (ए-३०४): कोणी भागाकार ग्रुपवर टाकू नका. विनंती.

अनोळखी नंबर (सी-३०२ भाडेकरू): बी विंगच्या गेटसमोर पांढरी गाडी कोणाची आहे? मुलीचा क्लास आहे, गाडी निघत नाहीये.

सावंत, सेक्रेटरी (ए-३०४): बघा. याच्यासाठी ग्रुप असतो.

कुलकर्णी काकू (बी-२०२): आमची नाही. पण विषय निघालाच आहे तर एक बोलते. या महिन्यात दुसऱ्या रविवारी मदर्स डे झाला. लेकाने केक मागवला. बेल वाजली तर दार मी उघडलं, कापला मी, वाटला मी, ताटल्या मी घासल्या. स्टेटसवर मात्र त्याचा फोटो, ‘माझी आई माझं सर्वस्व’.

नाना (डी-१०१): काकू, ज्या अ‍ॅना जार्विस बाईंनी खटपट करून हा दिवस सुरू करवला, १९१४ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्याकडून जाहीर करून घेतला, त्याच पुढे फुलवाले नि शुभेच्छापत्रवाले यांच्याशी भांडत बसल्या. हा दिवसच रद्द करा म्हणाल्या.

कुलकर्णी काकू (बी-२०२): बाई शहाणी होती.

पेडणेकर काकी (ए-५०२): आपला मातृदिन आसाच की. पिठोरी अमावास्येक.

कुलकर्णी काकू (बी-२०२): तर काय! श्रावणातली अमावास्या. माझी सासू खीर-पुरीचं वाण डोक्यावरून मागे धरायची आणि विचारायची, “अतीत कोण?” मागे मुलं टपलेलीच. “मी!” म्हणायचं आणि वाण घ्यायचं. आमचे हे साठीला आले तरी “मी” म्हणत होते. फार गोड प्रकार. पण आता गंमत ऐका. त्याच दिवशी पोळा. बैलाला त्या दिवशी जू नाही. अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास. आणि आईला? ते पुरण वाटायचं काम. एकाच तिथीला दोघांचे सण, सुट्टी एकालाच.

प्रिया (सी-२०१): काकू हे भारी आहे. स्टेटसला ठेवू का?

कुलकर्णी काकू (बी-२०२): ठेव. तुझ्या सासूला दिसेल असं ठेव.

वानखेडे (बी-५०१): आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर जातात, खाऊ-पैसे गोळा करतात. नागपूरला त्याच दिवशी मारबत निघते. वर्षभर ज्याचा ज्याचा राग आला त्याच्या नावाने बडग्या, म्हणजे पुतळा, करून मिरवतात, “घेऊन जा गे मारबत!” महागाई घेऊन जा, रोगराई घेऊन जा. युनोच्या कोणत्या दिनात आहे ही सोय?

सावंत, सेक्रेटरी (ए-३०४): सोसायटीत बडग्या निघाला तर कोणाच्या नावाने निघेल हे मला ठाऊक आहे. नको.

नाना (डी-१०१): पुरुषांचा कोणी विचार करतो का? १९ नोव्हेंबर, आंतरराष्ट्रीय पुरुष दिन. एक शुभेच्छा येत नाही.

प्रिया (सी-२०१): नाना, १९ नोव्हेंबर म्हणजे जागतिक शौचालय दिन ना? कंपनीत पोस्टर लागतं.

नाना (डी-१०१): दोन्ही आहेत.

वानखेडे (बी-५०१): 🤣🤣

सावंत, सेक्रेटरी (ए-३०४): बरं झालं सांगितलंत. ए विंगचं ड्रेनेज त्या दिवशी काढू. पुरुषांनी श्रमदानाला यावं.

पेडणेकर काकी (ए-५०२): पुरुषांचे लाड कमी असत काय? माझ्या माहेराक गोव्यात २४ जूनक सांजांव. नवो जावय सासुरवाडीक येता, डोक्यार फुलांची कोपेलां घालून पोरां विहिरीत उडयो मारतत. जेवणखाण, फेणी, सगळां तेंच्यासाठी.

कुलकर्णी काकू (बी-२०२): आणि सध्या आपल्याकडे काय चाललंय? धोंड्याचा महिना. १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. जावयाला तेहतीस अनारसे, वर चांदीचं काहीतरी. मुलीकडच्यांचं दिवाळं. जगात कुठे जावई दिन असेल-नसेल, आपण अख्खा महिना दिलाय.

केतन (डी-६०२): काकू, मी जावई आहे. यंदा अनारसे कुरिअरने आले. सव्वीसच अख्खे होते.

शहा भाई (ए-१०२): उरलेले सात कस्टमवाल्याने दान म्हणून घेतले असणार 😀

सी-३०२ भाडेकरू: पांढरी गाडी??

सावंत, सेक्रेटरी (ए-३०४): वॉचमन वर पाठवलाय.

देशपांडे सर (सी-४०३): वानखेडे, तुम्ही सकाळी कांद्याचं म्हणालात, ते माझ्या डोक्यात राहिलंय. कांद्याला दिन नाही कसा? कांदेनवमी विसरलात सगळे? आषाढ शुद्ध नवमी. एकादशीपासून चातुर्मास लागतो, ज्या घरात कांदा-लसूण-वांगं बंद होतं ते थेट चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्यापर्यंत. म्हणून आधी नवमीला कांदा पोटभर खाऊन घ्यायचा. भजी, थालीपीठ, झुणका, कांद्याची पीठ पेरून भाजी. आमच्या आईच्या घरी त्या दिवशी कांदा नाही असा एकच पदार्थ असायचा, ताक. ना ठराव झाला, ना कोणी पत्रक काढलं. आणि जो सोडायचा त्याचाच आदल्या दिवसांत सण करायचा, हे डोकं कोणाचं होतं त्याला माझा नमस्कार.

कुलकर्णी काकू (बी-२०२): अगंबाई, किती वर्षांत केली नाही! आता चातुर्मास पाळतो कोण?

वानखेडे (बी-५०१): चातुर्मास नका पाळू. नवमी पाळा. भजी मी तळतो.

प्रिया (सी-२०१): +१

पेडणेकर काकी (ए-५०२): +१

नाना (डी-१०१): अत्यंत योग्य सूचना. कधी येते यंदा?

कुलकर्णी काकू (बी-२०२): अधिक महिन्यामुळे सगळंच लांबलंय. आषाढी २५ जुलैला, शनिवारी. म्हणजे नवमी बुधवार-गुरुवारच्या सुमारास. नक्की पंचांग बघून सांगते.

देशपांडे सर (सी-४०३): म्हणजे २२ जुलैच्या अगदी शेजारी! पाय आणि कांदा एकत्र. दोन्ही गोलच.

प्रिया (सी-२०१): सर 😂 पण बुधवार-गुरुवार ऑफिस असतं. रविवारी करूया ना.

कुलकर्णी काकू (बी-२०२): नंतरच्या रविवारी चातुर्मास लागलेला असेल, मग तिला काय अर्थ? आधीच्या रविवारी करायची तर ती नवमी नव्हे.

वानखेडे (बी-५०१): कांदेपंचमी म्हणा. कांदा तिथी विचारत नाही.

कुलकर्णी काकू (बी-२०२): मी विचारते. संध्याकाळी सात वाजता करा, सगळे घरी आलेले असतात. नवमीलाच.

सावंत, सेक्रेटरी (ए-३०४): खर्चाचं काय? सांस्कृतिक निधीत गणपतीसाठी ठेवलेत तेवढेच पैसे आहेत, त्यांना हात लावणार नाही. आणि क्लब हाउसमध्ये गॅस पेटवायला परवानगी नाही, हे कमिटीत ठरलंय.

वानखेडे (बी-५०१): पार्किंगमध्ये तळू. बी विंगच्या खाली, पाऊस लागत नाही तिथे. कांदे माझ्याकडून.

नाना (डी-१०१): बेसन माझ्याकडून.

सावंत, सेक्रेटरी (ए-३०४): पार्किंग दोन तास रिकामं करून द्यायला कोण तयार आहे? आत्ता एक गाडी हलवायला पाऊण तास लागला.

सी-३०२ भाडेकरू: निघाली एकदाची. क्लास बुडाला. भजीला मी येईन, माझी जागाही घ्या त्या दिवशी.

शहा भाई (ए-१०२): आमची कांदेनवमी बाराही महिने बंद. पण येऊ. मिरचीची आणि कच्च्या केळ्याची भजी आमच्याकडून. फक्त कढई वेगळी, तेल वेगळं, झारा वेगळा.

कुलकर्णी काकू (बी-२०२): नक्की भाई. कढई माझी नेऊ नका, तुमचीच आणा, म्हणजे शंका नको. झारा मात्र दोन रंगांची दोरी बांधून ठेवा, हे वानखेडे घाईत कुठलाही उचलतील.

वानखेडे (बी-५०१): काकू, मी झाऱ्याने नाही, हातानेच सोडतो.

कुलकर्णी काकू (बी-२०२): सोडता हाताने, काढता कशाने?

शहा भाई (ए-१०२): पिवळी दोरी आमची. लिहून ठेवा.