सोलापुरात थंडीची लाट नक्की कधी पोचते? दवबिंदू, वारा आणि गच्चीवरचा सेन्सर

पारा_जुळे_सोलापूर:
मंडळी, पश्चिमी चक्रावात (हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी वादळी प्रणाली) हिमाचलवरून पुढे सरकतोय आणि मागून उत्तरेचे वारे सुटणार असं दिसतंय. विंडी या हवामान अॅपवर युरोपियन मॉडेल सोलापूरला शनिवारी पहाटे ९ अंश दाखवतं, जीएफएस हे अमेरिकन मॉडेल मात्र १२ वरच आहे. कुणाचं धरायचं? लाट शहरात शिरली हे कोणत्या खुणेवरून ओळखायचं? दुसरं म्हणजे, गच्चीच्या कठड्यावर डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर लावलाय, त्याचा आकडा पाठवणारा ईएसपी८२६६ हा वायफाय बोर्ड डबीत सोबतच आहे. तो हवामान खात्याच्या किमानापेक्षा रोज अडीच-तीन अंश जास्त दाखवतो. दोष शहराचा की सेन्सरचा?

उत्तरवारा:
युरोपात थंड आघाडी येते तशी, म्हणजे ढगांची रांग, पाऊस आणि तासाभरात पारा धाडकन खाली, असं आपल्या १७.७ अक्षांशावर होत नाही. इथवर येता येता आघाडी विरून जाते, पोचतो तो तिच्यामागचा कोरडा वारा. त्यामुळे नुसत्या थर्मामीटरकडे बघत बसलात तर लाट आल्याचं एक रात्र उशिरा कळतं. आधी दुपारचा दवबिंदू पाहा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव धरू लागतं तो आकडा; हवा जितकी कोरडी तितका तो खाली.

लाटेच्या पहिल्या दुपारी कमाल तापमान २९ च असतं, लोक म्हणतात कुठं आहे थंडी. पण त्याच दुपारी दवबिंदू १३ वरून ५-६ वर आलेला असतो आणि पूर्वेचा वारा उत्तरेकडून यायला लागलेला असतो. ही खरी खूण. हवेतली वाफ कमी झाली की जमिनीची उष्णता रात्री बिनअडथळा आकाशात निघून जाते. उलट दवबिंदू १३ असेल तर पहाटे पारा तिथपर्यंत उतरतो, दव पडायला लागतं, दव पडताना उष्णता सुटते आणि पारा तिथंच रेंगाळतो. अशा रात्री १० ची अपेक्षा धरू नका.

वरच्या बाजूची केंद्रं क्रमाने बघा: इंदूर, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, परभणी. निफाडचा आकडा बातमीत गाजतो, पण तो बऱ्याच अंशी तिथल्या खोलगट, ओलिताच्या भागाचा आहे. आपल्यासाठी परभणी जास्त बोलकं. जळगाव ते सोलापूर सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटर. ८५० हेक्टापास्कलवर, म्हणजे आपल्या डोक्यावर साधारण एक किलोमीटर उंचीवर, ताशी ३०-३५ किलोमीटरचा उत्तर वारा असेल तर कोरडी हवा १०-१२ तासांत येते. वाटेत दिवस पडला तर जमिनीवरून तापत येते, म्हणून जळगावचा ७ आपल्याकडे ७ होत नाही.

आणि पहिल्या रात्रीवर पैज लावू नका. वारा वाहता असतो, वरची उबदार हवा खाली मिसळत राहते. वारा पडला की दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे खरा नीचांक येतो, तोही सूर्योदयाच्या आसपास, म्हणजे जानेवारीत सातच्या सुमारास.

दाबही बघा, पण जपून. आपल्या पट्ट्यात दाब रोज दोनदा चढतो-उतरतो: सकाळी दहा आणि रात्री दहाला वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली. एवढ्यातच तीन-चार हेक्टापास्कलचा फरक पडतो. सकाळी सात ते दहा दाब वाढला म्हणून लाट आली असं समजणारे दरवर्षी दिसतात. आजचे दहा कालच्या दहाशीच ताडून पाहा.

९ की १२, हे तापमानाच्या नकाशावरून ठरवू नका. दोन्ही मॉडेलमध्ये शुक्रवारी रात्रीचा ८५० चा वारा आणि उंच ढग उघडा. बंगालच्या उपसागरात कमी दाब असेल तर पूर्वेचा वारा पुन्हा वाफ आणतो आणि लाट मराठवाड्यातच अडते. जेट प्रवाहातून (खूप उंचावरच्या वेगवान पश्चिम वाऱ्यातून) आलेला विरळ पांढरा ढगही पहाटेचं किमान दोन-तीन अंशांनी वर अडकवतो. कमी उंचीचे ढग रात्रीच्या साध्या इन्फ्रारेड चित्रात जमिनीत मिसळून जातात, त्यासाठी इन्सॅट उपग्रहाचं नाइट मायक्रोफिजिक्स चित्र उघडा, त्यात ते वेगळ्या रंगात दिसतात.

तांब्याची_तार:
पारा, शहराचा वाटा आहेच, पण तुमच्या मांडणीत तीन दोष आहेत. कठडा दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता सोडतो. ईएसपी८२६६ स्वतः गरम होतो आणि डबीत सेन्सरच्या शेजारी बसलाय. शिवाय डीएचटी२२ ची अचूकता मुळात अर्ध्या अंशाची. एसएचटी३१ घ्या, ०.२ अंशाची आहे. बोर्ड डबीबाहेर ठेवा, तार एक मीटरच्या आत. सेन्सर आणि बोर्ड ज्या आयटूसी जोडणीने बोलतात, ती लांब तारेवर अडखळते. बोर्ड गरम होऊ नये म्हणून त्याला डीप स्लीप लावून (मधल्या वेळात झोपवून) पाच मिनिटांनी एकदाच वाचन घ्या.

सेन्सरवर ऊन पडू नये पण हवा खेळावी असं कवच घरीच बनवता येतं. पांढऱ्या प्लास्टिकच्या आठ-दहा बशा, तीन एम६ आट्याच्या दांड्या, दोन बशांमध्ये १५ मिलिमीटर अंतर. वरच्या दोन बशा अखंड, खालच्यांना मध्ये भोक, सेन्सर त्या पोकळीत लटकता. कवच जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, मोकळ्या मातीवर. गच्चीला पर्याय नसेल तर कठड्यापासून दूर, मधोमध खांबावर. सेन्सर उघडा ठेवला तर रात्री तो स्वतःच आकाशाकडे उष्णता फेकतो आणि हवेपेक्षा कमी आकडा देतो. ‘आमच्याकडे ६’ असे फोटो बऱ्याचदा त्यामुळेच येतात.

तपासणीसाठी डीएस१८बी२० हा वॉटरप्रूफ तापमान सेन्सर घ्या. थर्मासमध्ये आरओच्या पाण्याचा बर्फ बारीक कुटून भरा, बर्फाच्या फटी भरतील एवढंच गार पाणी घाला, ढवळा, दहा मिनिटं थांबा. ०.० पासून जेवढा फरक, तेवढी दुरुस्ती. मग एसएचटी३१ त्याच्या शेजारी कवचात रात्रभर ठेवून दोन्ही जुळवा. एसएचटी पाण्यात बुडवू नका.

पारा_जुळे_सोलापूर:
कवच उद्याच करतो. दवबिंदूसाठी तापमानातून (१०० वजा आर्द्रता) भागिले ५ वजा करायचं, हे सूत्र चालेल ना?

उत्तरवारा:
इथल्या दुपारी अजिबात नाही. ते ५० टक्क्यांवरच्या आर्द्रतेसाठी आहे. २७ अंश आणि २५ टक्के घ्या: या सूत्राने १२ येतं, मॅग्नस या जास्त अचूक सूत्राने ५.३. म्हणजे लाट दारात असताना तुम्ही ती नाही म्हणाल. कोडमध्ये मॅग्नसच टाका, १७.६२ आणि २४३.१२ हे स्थिरांक. आणि किमान सकाळी साडेआठला नोंदवून रीसेट करा, खात्याची वेळ तीच आहे, नाहीतर तारखा जुळत नाहीत.

‘लाट’ हा शब्दही मोजून वापरा. मैदानी भागात किमान १० किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी, या दोन्ही अटी लागतात. त्याहून जास्त घट असेल तर तीव्र लाट. सोलापूरची जानेवारीची सरासरी १५-१६, म्हणजे ११ आले तर कडाक्याची थंडी म्हणा, लाट नाही.

काळी_जमीन:
बागायतदार वाचत असतील तर त्यांच्यासाठी. शहराच्या आकड्यातून ओढ्याकाठच्या शेतासाठी दोन-तीन अंश कमीच धरा, थंड हवा जड असते आणि उतारानं तिथं साचते. कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या रानाच्या पोटातली ऊब वर येत नाही, म्हणून संध्याकाळी हलकं पाणी द्या. पण द्राक्षात पाणी उतरलेलं (मणी मऊ पडून पिकू लागलेले) असेल तर एकदम भरपूर सोडू नका, मणी तडकतात. ठिबकने थोडं-थोडं, रोजच्या मापातच.