टीए वापरणाऱ्यांनी दर भेटीला मोजमाप करावं का? (यवतमाळ-वर्धा पट्टा)

बांधावरचा समुपदेशक (धागाकर्ता)

यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशन करतो. माझं शिक्षण टीएचं, म्हणजे ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिसचं. एरिक बर्न यांनी 1950 च्या दशकात ही पद्धत मांडली. माणूस कधी आतल्या मायबापाच्या सुरात बोलतो, कधी लेकराच्या, तर कधी समोरची परिस्थिती पाहून बोलतो. यांना पालक, बालक आणि प्रौढ अहंस्थिती म्हणतात. लहानपणी घेतलेले निर्णय मोठेपणीही माणसाला नकळत चालवत राहतात, आणि काय बदलायचं हे पहिल्याच भेटीत दोघांनी मिळून ठरवायचं, त्याला करार म्हणतात. एवढं समजलं तरी धागा वाचायला पुरेसं आहे.

माझं म्हणणं असं: आपल्या भागात टीए वापरणाऱ्याने दर भेटीला नैराश्याची एक छोटी, नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यावी (आकडा जितका कमी तितकं बरं) आणि आकडा हलला नाही तर आपली पद्धत बदलावी. "मला चेहऱ्यावरून कळतं" हे पुरेसं नाही. अमेरिकेत 2005 साली एक अभ्यास झाला. 550 जणांपैकी कोणाची तब्येत उपचारात बिघडेल हे समुपदेशकांना आधीच विचारलं होतं. त्यांनी तिघांची नावं सांगितली. प्रत्यक्षात 40 जणांची बिघडली आणि त्या तिघांपैकी एकच त्यांत होता. हे शिकलेले लोक होते. आपण वेगळे कसे?

तर्कटी (अमरावती)

सर, मोजा, जरूर मोजा. पण त्याआधीचा प्रश्न तुम्ही टाळला. टीएच का?

गोव्यात साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. त्यात "आतलं लेकरू" वगैरे काही नव्हतं. रोजच्या कामांत हळूहळू परत उतरायला मदत, एवढंच. 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी, भाषा-समाज आपल्याजवळचा. टीएकडे भारतातल्या खेड्यातली अशी चाचणी दाखवा, मग बोलू. पुरावा मानायचा असेल तर तो टीए सोडायला सांगतो.

बांधावरचा समुपदेशक

ताई, त्या तोडीची खेड्यातली चाचणी टीएकडे नाही, मान्य. पण पाटी कोरीही नाही. जोएल वोस आणि बिल्याना व्हॅन रिन यांनी टीएच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा फायदा दिसला. त्याआधी व्हॅन रिन आणि सियारा वाइल्ड यांनी लंडनमध्ये टीए, गेस्टाल्ट, व्यक्तिकेंद्री आणि एकात्मिक अशा पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या. लोक सगळ्यांतच सुधारले, पद्धतींत लक्षात घेण्याजोगा फरक निघाला नाही.

तर्कटी

म्हणजे फरक पद्धतीचा नाहीच. तुमच्याच पुराव्याने टीएची पालक-बालक आकृत्यांची वही बाजूला ठेवता येते! शिवाय तिथे उपचार न मिळालेला गट तरी होता का?

जुनी शिष्या (वर्धा)

दोघांचंही वाचलं. मी बरीच वर्षं टीए शिकवते, म्हणून माझा आक्षेप निराळा आहे. बाई समोर बसते, पदराचं टोक पिळत असते, सासूचं नाव निघालं की आवाज लहान होतो. त्या क्षणी मी कागद पुढे करून "गेल्या दोन आठवड्यांत काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज?" असं विचारलं, तर समोरची बाई शाळेतली मुलगी होऊन जाते आणि मी वर्गातली बाई होते. पालक-बालक व्यवहार मीच सुरू केला. मग प्रौढाशी बोलणार कोण? बर्ननी अंतःप्रेरणेवर लेखांची मालिका लिहिली होती, विसरलात का?

बांधावरचा समुपदेशक

मॅडम, नाही विसरलो. सैन्यात असताना बर्न समोर आलेल्या सैनिकाचा आधीचा धंदा नुसतं बघून ओळखायचा प्रयत्न करायचे. पण ते तिथे थांबले नाहीत, लगेच विचारून अंदाज खरा की खोटा ते पाहायचे. मी त्याहून वेगळं काय मागतोय?

आणि तर्कटी ताईंना: फरक नात्याचा असेल तर ते नातंही मोजता येतं. एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये त्याचे तीन भाग सांगितले: ध्येयावर एकमत, कामावर एकमत आणि जिव्हाळा. पहिले दोन म्हणजे जवळजवळ आपला करारच. 2018 मध्ये 295 अभ्यास एकत्र केले तेव्हा हे नातं आणि निकाल यांचा संबंध लहान पण पक्का निघाला. तेव्हा करार नीट झाला का, हे समोरच्यालाच विचारायला टीएवाल्याने का लाजावं?

परहाटीवाला (शेतकरी, राळेगाव)

म्या सगळं वाचलं भाऊ. तुमी लोक आकड्यायवर भांडून राह्यले, पन आकडा कायचा हाये ते कोनी पाह्यलंच नाही. जून मईन्यात बी-बियान्याले पैसा नसते, बँक उभी करत नाही, तवा मले कोनीबी इचारलं तं मी "रोज वाईट वाटते" हेच सांगीन. दिवाळीच्या अंगानं कापूस येचून घरी आला, भाव बरा भेटला, का मी "काही नाही जी, मजेत" म्हनीन. मंग तुमी म्हनान, टीएनं बरा झाला! 2017 च्या बोंडअळीच्या साली उलटं झालं असतं, तवा म्हनले असते टीएनं बिघडला.

अन दुसरं. पानी पडलं नाही त्यात माह्या लहानपनच्या निर्नयाचा काय दोष हाये? सोयाबीनच्या पडलेल्या भावानं मारलं, माह्या बापानं नाही.

तर्कटी

👆 याला उत्तर द्या सर. हा अख्ख्या "आधी-नंतर" मोजमापावरचा आक्षेप आहे. तुलनेचा गट नसेल तर हंगाम आणि उपचार वेगळे करताच येत नाहीत. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांतल्या 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाचं घ्या. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे 4.3 टक्क्यांवरून दीड वर्षात 27.2 टक्क्यांवर गेले. मोठं काम, मी कमी लेखत नाही. पण तिथेही तुलनेची गावं नव्हती.

बांधावरचा समुपदेशक

परहाटीवाला भाऊंचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

चिठ्ठ्या टाकून गट पाडणं माझ्यासारख्या एकट्याला जमणार नाही. पण रॉबर्ट इलियट यांनी 2002 मध्ये एकाच केसवर करायची एक पद्धत मांडली आणि मार्क विडोसन यांनी 2012 मध्ये ती टीएच्या नैराश्यावरच्या केसना लावली. तिचा गाभा भाऊंचाच प्रश्न आहे. एका माणसाची पूर्ण नोंद ठेवायची: प्रश्नावलीचे आकडे, भेटीतलं काम, आणि शेवटी त्याची मुलाखत की काय बदललं, कशामुळे बदललं, हे सगळं झालं नसतं तरी बदललं असतं का. मग एक बाजू मांडते की बदल उपचारामुळे झाला. दुसरी हट्टाने मांडते की तो झालाच नाही, किंवा भलत्याच कारणाने झाला. दोन्ही ऐकून पंच ठरवतात.

आपल्याकडे त्या नोंदीत आणखी रकाने पाहिजेत: पेरणी झाली की दुबार करावी लागली, कर्ज मिळालं का, कापूस कधी विकला, घरात लग्न होतं का, दारू सुटली का, गोळ्या सुरू झाल्या का. एखाद्याचा आकडा भाव पडलेला असतानाही उतरला आणि त्याने स्वतः सांगितलं की "बापासारखं सगळ्यायचं ओझं एकट्यानं उचलाचं सोडलं, भावाले हिशोब दाखवला", तर ते हंगामाच्या खात्यात टाकणं अवघड आहे. उलट आकडा फक्त कापूस विकल्यावर उतरत असेल, तर माझ्या भेटींचा उपयोग नाही हे मला कळायला हवं.

पाण्याचा दोष तुमच्या बालपणावर कोणी टाकत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. कर्ज ही टीएची बाब नाही. कर्ज बायकोपासून लपवून ठेवणं ही असू शकते.

परहाटीवाला

लपवनं बी काऊन होते ते पाहा. सावकार घरी येते ना भाऊ. पन तुमची ते भांडनाची पद्धत पटली. पंच मात्र तुमच्यातले नका ठेवू, एखांदा शेतकरी ठेवा.

गटप्रवर्तक (घाटंजी तालुका)

मोठ्या लोकांच्या चर्चेत बोलते, राग मानू नका. आमच्या आशाताई घरोघरी नैराश्याचे प्रश्न विचारतात. विचारणारी गावातलीच असली की उत्तर "बरं हाय ताई" येतं. आणि प्रश्नावलीतले ते नऊ प्रश्न आहेत ना, त्यातला शेवटचा मरणाच्या विचारांचा. तो विचारून "हो" आलं तर पुढे काय करायचं हे ठरलेलं नसेल तर विचारूच नये असं मला वाटतं. संध्याकाळी एसटी नाही, मानसोपचाराचे डॉक्टर जिल्ह्याला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आम्ही देतो, लागतोही, पण रात्रभर त्या माणसाजवळ कोण बसणार, घरातलं कीटकनाशक कोण हलवणार, हे आधी ठरवावं लागतं. धागाकर्त्या सरांनी दर भेटीला मोजायचं म्हटलं, म्हणजे हा प्रश्नही दर भेटीला.

जुनी शिष्या

ताई, हे शंभर टक्के बरोबर. आणि म्हणूनच मी म्हणते, आधी नातं.

बांधावरचा समुपदेशक

नातं असलं तरी विचारावं लागतंच, मॅडम. विचारल्याने असा विचार डोक्यात घुसत नाही. पण गटप्रवर्तक ताईंची अट मी धाग्याच्या वर जोडतो: नवव्या प्रश्नाची तयारी लेखी नसेल तर प्रश्नावली सुरू करू नये. सोबत कोण थांबेल, औषधं-फवारणीचे डबे कोणाकडे जातील, फोन कोणाला, गाडी कोणाची. आणि प्रश्न गावातल्याने विचारायचे की बाहेरच्याने, हे प्रत्येक गावात वेगळं ठरेल.

तर्कटी

हे सगळं छान, पण माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. या खरीपापासून तुम्ही मोजणार, नोंदी ठेवणार, पंच बसवणार. पंचांनी म्हटलं की सुधारणा झाली ती भेटी आणि करारामुळे, पालक-बालक आकृत्यांचा त्यात वाटा दिसत नाही, तर तुम्ही आकृत्या सोडाल का?

बांधावरचा समुपदेशक

एका केसवरून नाही. लागोपाठ तसंच निघत गेलं तर सोडीन. करार मात्र ठेवीन.

जुनी शिष्या

मग ते टीए राहणार नाही.

तर्कटी

राहू नये. 🙂