मक्तबात बहुविध बुद्धिमत्ता कशी वापरावी? सल्ला हवा

खाडीपलीकडे: हर्णैजवळचं मक्तब (मुलांचा कुराण आणि धर्मशिक्षणाचा वर्ग), २२ मुलं, वय ७ ते ११, मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) पाऊण तास. बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते असं मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनरच्या आठ बुद्धिमत्तांप्रमाणे मुलांचे आठ गट पाडायचा विचार आहे. कुणाकडे तयार तक्ता आहे का?

पडवी: गट नकोतच. गार्डनरने १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, निसर्गाची आठवी नंतर आली. पण मुलांवर 'हा चित्रवाला, ती गाणंवाली' असे शिक्के मारणं त्यालाही मान्य नाही. मूल नव्हे, धडा बघून शिकवायची वाट निवडा. पाऊण तासात दोन वाटा पुष्कळ.

मखारिजला (अरबी अक्षरांच्या उच्चारस्थानांना) चित्र आणि स्पर्श. फळ्यावर घसा काढा: तळाशी हमजा आणि पातळ हा, मध्ये ऐन आणि जाड हा, वर गैन-खा. म्हणताना बोट गळ्यावर. मराठी कानाला दोन्ही 'ह' सारखेच वाटतात, म्हणून इथे घाई नको. आरसा फक्त बा, मीम, वाव, फा या ओठांच्या अक्षरांना. घशातलं त्यात काय दिसणार!

मद्द (स्वर लांबवणं) मात्र आधी बोटं मिटून मोजा. थेट चालीवर घेतलं की चाल पुरी करायच्या नादात मुलं दोन मात्रांच्या चार करतात, आणि ती खोड मग सुटत नाही.

कातळ: वुजूला (नमाजआधी हात-तोंड धुण्याला) चार चित्रपत्ते पिसून द्या: चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं), घोट्यापर्यंत पाय. शाफईंकडे (सुन्नी धर्मनियमांची एक शाखा) तरतीब म्हणजे क्रम फर्ज, बंधनकारक, त्यामुळे क्रम चुकला की डाव बाद. नीयतचा (मनातल्या संकल्पाचा) वेगळा पत्ता नको, ती चेहरा धुतानाच करायची.

किब्ल्याला, म्हणजे नमाजात तोंड करायच्या मक्केतल्या काब्याच्या दिशेला, मुलं सरळ समुद्राकडे तोंड करतात. आपल्याकडून तो पश्चिमेच्या साधारण १२ अंश उत्तरेला आहे. २८ मेला दुपारी २.४८ च्या सुमारास सूर्य काब्याच्या डोक्यावर असतो. अंगणात काठी ओळंब्यात उभी करा, सावलीच्या उलट बाजूला किब्ला. जुलैच्या मध्यालाही हा योग येतो, पण तेव्हा इथे ऊन कुठलं?

खाडीपलीकडे: पिकाच्या जकातीला (धर्मानुसार द्यायच्या दानाच्या हिश्शाला) आंब्याचं गणित घेऊ का?

कातळ: भाताचं घ्या. शाफई मतात पिकाची जकात टिकाऊ मुख्य धान्य, खजूर आणि द्राक्षांवर, आंब्यावर नाही. निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) भरल्यावर पावसावरच्या भाताचा दहावा हिस्सा, पंपाने पाणी दिलं तर विसावा: २००० किलोवर २०० किंवा १००. हनफी या दुसऱ्या शाखेच्या मतात फळांवरही आहे, तेव्हा वर्गात दोन्हीकडची मुलं असतील तर उदाहरण देण्याआधीच हा फरक सांगा, नाहीतर घरी जाऊन वाद.