नामवंतांच्या निधनाची बातमी वयाबरोबर अधिक का लागते?

कातरवेळ (प्रश्न)

२०२५ च्या दिवाळीपासून पुढच्या पाच आठवड्यांत असरानी, जाहिरातकार पीयूष पांडे, सतीश शाह, सुलक्षणा पंडित, कामिनी कौशल आणि धर्मेंद्र असे एकामागून एक गेले. यांपैकी कोणालाही मी प्रत्यक्ष भेटलेलो नाही आणि यांच्यापैकी कोणाचाही मी निस्सीम चाहता नव्हतो. तरीही प्रत्येक बातमीनंतर दिवसभर कामात लक्ष लागले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. माझे वय आता बावन्न आहे. १३ ऑक्टोबर १९८७ रोजी किशोरकुमार गेले तेव्हा मी शाळेत होतो. घरातली मोठी माणसे रेडिओपाशी गप्प बसून होती आणि मला त्यांच्या गप्प बसण्याचा कंटाळा आला होता. त्यांची गाणी मलाही पाठ होती, म्हणजे आवड नव्हती असे म्हणता येत नाही.

वय वाढले की मन हळवे होते, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण इतर बहुतेक बाबतींत मी पूर्वीपेक्षा कोरडाच झालो आहे. शिवाय सगळ्यांच्या जाण्याने सारखे वाटत नाही. पीयूष पांडे यांचा चेहरा मला नीट आठवतही नव्हता, पण सर्वांत अधिक अस्वस्थता त्यांच्याच बातमीने आली. हे असे का होत असावे? आणि हे पुढे वाढतच जाते का? ज्येष्ठ सदस्यांनी अवश्य लिहावे.

त्रैराशिक

भावनेचा भाग इतरांनी सांगावा. मी हिशेबाचा सांगतो, कारण तो सहसा कोणी मांडत नाही. तुम्ही चौदा वर्षांचे असताना जे कलाकार आणि खेळाडू तीस ते पंचावन्न या वयाचे होते, ते आज हयात असतील तर अडुसष्ट ते त्र्याण्णव वर्षांचे आहेत. म्हणजे माणसे ज्या वयात जातात नेमक्या त्याच वयात तुमच्या लहानपणीची सगळी मंडळी एकदम येऊन पोहोचली आहेत. दहाव्या वर्षी आपल्याला नावानिशी माहीत असलेली मोठी माणसे फार थोडी असतात. पन्नाशीपर्यंत चित्रपट, नाटक, क्रिकेट, संगीत, राजकारण, साहित्य अशा सर्व क्षेत्रांतली शेकडो नावे ओळखीची होतात. बातम्या वाढलेल्या नाहीत, त्या बातम्यांतली तुमच्या ओळखीची माणसे वाढली आहेत.

यात तुमच्या पिढीचे एक वेगळेपण आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि खासगी उपग्रह वाहिन्या नव्वदच्या दशकात आल्या. मधली वीस वर्षे ज्या घरात संच होता त्या प्रत्येक घरात फक्त दूरदर्शनच दिसत होते. १५ ऑगस्ट १९८८ रोजी प्रथम दाखवलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आज पुन्हा पाहा. ते शब्द पीयूष पांडे यांचे होते. त्यात दिसणारे भीमसेन जोशी आणि गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा २०११ मध्ये गेले, बालमुरलीकृष्ण २०१६ मध्ये, ओम पुरी २०१७ मध्ये, चुनी गोस्वामी २०२० मध्ये आणि लता मंगेशकर २०२२ मध्ये. शास्त्रीय गायक, फुटबॉलपटू आणि व्यंगचित्रकार या तिघांनाही एकाच शाळकरी मुलाने ओळखावे, ही गोष्ट त्या काळी साधी होती. आजच्या चौदा वर्षांच्या मुलाच्या ओळखीची मंडळी वेगळी आणि त्याच्या शेजारच्या मुलाची वेगळी. त्यामुळे चाळीस वर्षांनी त्यांच्यापैकी कोणी गेले तर शोक होईल, पण तो सगळ्यांना एकाच दिवशी होईल असे मला वाटत नाही.

नवथर

मी एकतीस वर्षांचा आहे आणि मला या प्रश्नाचे गृहीतकच मान्य नाही. १४ जून २०२० रोजी सुशांतसिंह राजपूत वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला तेव्हा माझ्या वयाची मुले कित्येक आठवडे त्यातून बाहेर आली नव्हती. त्याआधी दीड महिना इरफान गेले होते. तेव्हा याचा वयाशी संबंध जोडणे मला योग्य वाटत नाही.

दुसरे असे की, हे दुःख बऱ्याच अंशी आपल्या हातातल्या फोनने घडवलेले आहे. विक्रम गोखले यांच्या निधनाची अफवा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते हयात असताना पसरली, झाकीर हुसेन यांच्याबाबतीत २०२४ च्या डिसेंबरमध्ये तसेच झाले आणि धर्मेंद्र यांच्याबाबतीत २०२५ च्या नोव्हेंबरमध्येही. तिन्ही वेळा कुटुंबीयांना खुलासा करावा लागला आणि तिन्ही वेळा लोकांनी आधीच श्रद्धांजली वाहून टाकलेली होती. माणूस जिवंत असताना ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांच्या शोकाला कितपत खोली असेल, अशी मला शंका येते.

रात्रपाळी

मी अनेक वर्षे एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. एखाद्या मोठ्या व्यक्तीची प्रकृती गंभीर असल्याचे कळले की मृत्युलेख, जीवनपट आणि छायाचित्रे आधीच जुळवून ठेवण्याची पद्धत सर्वच वृत्तपत्रांत असते आणि त्यात कोणाला काही अमंगळ वाटत नाही. त्यामुळे नवथर यांच्या अफवांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, परंतु शोकाच्या खोलीविषयी मात्र नाही, कारण बातमी छापून आल्यानंतर आठवडाभर येणारी पत्रे मी वाचलेली आहेत.

भीमसेन जोशी २४ जानेवारी २०११ रोजी पुण्यात गेले. त्यानंतर आलेल्या पत्रांत रागांविषयी फारच थोडे होते. सवाई गंधर्व महोत्सवात रमणबागेच्या मैदानावर भारतीय बैठकीत आपण कोणाशेजारी बसलो होतो, घरून थर्मासमध्ये चहा कोणी आणला होता, पहाटेपर्यंत जागताना एकाच शालीत कोण कोण होते, असा मजकूर पानेच्या पाने भरून असे. एका बाईंनी लग्न ठरण्याआधीची भेट त्या मैदानावर झाल्याचे लिहिले होते आणि पती आता हयात नसल्याचे शेवटच्या ओळीत, जणू सहज, नोंदवले होते. अशा पत्रांना आम्ही कात्री लावत असू, कारण ती गायकाविषयी नव्हती. ती कशाविषयी होती, हे मला निवृत्तीनंतर अधिक कळते.

दूरध्वनी करणाऱ्यांचे प्रश्न मात्र दोनच असत: वय किती होते आणि कशाने गेले. तरुण वाचक वय विचारत नसत. पन्नाशीनंतरचा वाचक आधी वय विचारी, मनातल्या मनात स्वतःचे वय त्यातून वजा करी आणि मग बाकीची चौकशी करी. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये पन्नाशीत गेले, अतुल परचुरे २०२४ मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी. अशा वेळी ही वजाबाकी भलतीच अंगावर येते. ऐंशी-नव्वद वर्षांच्या व्यक्तीच्या बातमीने वाईट वाटते, समवयस्काच्या बातमीने माणूस दुसऱ्या दिवशी रक्तदाब तपासून घेतो. या दोन भावना एकाच नावाखाली मोजू नयेत, असे मला वाटते.

मानसी_शिकवते

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून दोन गोष्टींची भर घालते. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरून रोज भेटणाऱ्या व्यक्तींशी प्रेक्षकांचे जे एकतर्फी नाते जुळते, त्यावर लेख लिहिला. त्यांचा रोख मुख्यतः निवेदकांसारख्या, थेट प्रेक्षकाकडे पाहून बोलणाऱ्या माणसांवर होता. आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण प्रदीप भिडे आहेत. ठरावीक वेळी, ठरावीक आवाजात, आपल्या डोळ्यांत पाहून ते वर्षानुवर्षे बातम्या सांगत होते. इतक्या नियमाने सख्खा काकाही घरी येत नाही. ७ जून २०२२ रोजी ते गेले तेव्हा ज्यांना त्यांच्याविषयी आवाजापलीकडे काहीच माहीत नव्हते, त्यांनाही चुकल्यासारखे झाले. बातमी सांगणाऱ्याचीच बातमी ऐकावी लागली, हा भाग तर वेगळाच. याशिवाय पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या तर साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी इतर काळापेक्षा अधिक येतात, असे अनेक अभ्यासांत दिसलेले आहे. त्या काळात भेटलेली माणसे म्हणूनच इतरांपेक्षा जवळची ठरतात.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. भावकीतले कोणी गेले तर आपल्याकडे सुतक असते, दहावा-तेरावा असतो, लोक भेटायला येतात, आणि दुःख किती दिवस व कोणासमोर दाखवायचे हे ठरलेले असते. आवडता गायक गेला तर यांपैकी काहीही नसते. कार्यालयात रजा मागता येत नाही आणि कोणी सांत्वनाला येत नाही, उलट “तुझे कोण लागत होते ते?” असे विचारले जाते. समाज ज्याची दखल घेत नाही अशा शोकाविषयी केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर लिहिले, आणि तो शोक लांबतो याचे एक कारण त्याला रीत नसते हे आहे. नवथर ज्याला फोनने घडवलेले दुःख म्हणतात, ती मला या रीतीची हौशी आणि बरीचशी ओबडधोबड सुरुवात वाटते.

ओसरी

माझा जन्म १९४५ चा. कातरवेळ यांनी ज्येष्ठांना लिहायला सांगितले आहे, म्हणून लिहितो, आणि माझ्यापुरता या प्रश्नाचा पडताळा आयुष्याने आपोआप घडवून आणला आहे.

ग. दि. माडगूळकर, पु. ल. देशपांडे आणि सुधीर फडके हे तिघेही १९१९ साली जन्मले. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर सुरू झाले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दर आठवड्याला एक नवे गीत, अशी छप्पन्न गीते आम्ही वाड्यातल्या एकमेव रेडिओसमोर बसून ऐकली. तिघांवरही माझा जीव साधारण सारखाच होता, परंतु तिघे माझ्या वेगवेगळ्या वयात गेले: माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी, पु. ल. १२ जून २००० रोजी आणि फडके २९ जुलै २००२ रोजी.

माडगूळकर अवघे अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि मी बत्तिशीत होतो. मला अतिशय वाईट वाटले, पण ते वाईट वाटणे असे होते की आता हा माणूस पुढे काही लिहिणार नाही. म्हणजे माझे यायचे काही तरी राहून गेले. दोन-तीन दिवसांत मी कामाला लागलो. पु. ल. गेले तेव्हा ते ऐंशीचे होते, कंपवाताने बरीच वर्षे आजारी होते, त्यांच्याकडून नवे काही येण्याची अपेक्षा कोणीच ठेवलेली नव्हती. या हिशेबाने मला कमी वाईट वाटायला हवे होते. प्रत्यक्षात कितीतरी अधिक वाटले. याचा अर्थ, पंचावन्नाव्या वर्षी मी ज्यासाठी रडत होतो ते त्यांचे पुढचे लेखन नव्हते.

ते काय होते, हे फडके गेले त्या सकाळी स्पष्ट झाले. बातमी ऐकताच माझा हात फोनकडे गेला, कारण वाड्यात माझ्या शेजारी बसून ती गीते ऐकणाऱ्या थोरल्या भावाला सांगायचे होते. तो त्याआधीच्या वर्षी गेला होता. मग दुसरे कोण, असा विचार करताना लक्षात आले की त्या रेडिओसमोरच्या घोळक्यातले फार थोडे उरले आहेत. कलावंताचे गाणे तर उरतेच, हवे तेव्हा लावता येते. ज्यांच्याबरोबर ते ऐकले त्यांची मात्र कोठेही ध्वनिमुद्रिका नाही. घरच्या माणसांसाठी राहून गेलेले रडणे नामवंताच्या निमित्ताने बाहेर पडते, आणि वय वाढेल तसे असे राहून गेलेले बरेच साठते. रात्रपाळी यांनी ज्या पत्रांना कात्री लावली, त्यांत हेच होते.

पीयूष पांडे यांचे कोडेही मला यातूनच सुटते. त्यांचा चेहरा तुम्हाला माहीत नव्हता, कारण त्यांची वाक्ये तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलीच नव्हती. ती तुमच्या घरात तुमची भावंडे आणि कदाचित तुमचे वडील एकमेकांना चिडवताना म्हणत असणार. त्यांपैकी कोण आता नाही, हे तुम्हीच आठवून पाहा.

कातरवेळ

वडील. फेविकॉलच्या जाहिरातींवर ते प्रत्येक वेळी नव्याने हसत असत. ओसरी, तुमच्या उत्तरापुढे मला काही लिहिणे जमत नाही, पण दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे: हे पुढे वाढतच जाते का?

ओसरी

नाही. निदान माझे तरी वाढले नाही. सत्तरीनंतर ते उतरणीला लागले, आणि याचे कारण मन घट्ट झाले हे नसून निरोप द्यायची माणसेच कमी उरली, हे असावे. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, रविवारी सकाळी लताबाई गेल्या. माझी मुलगी, जी तेव्हा पन्नाशीला टेकली होती, दिवसभर दूरदर्शनपुढे बसून रडत होती आणि संध्याकाळी शिवाजी पार्कवरचे अंत्यसंस्कार पाहताना तिला बोलणेही जमेना. मी तिच्याशेजारी बसलो होतो, पण मला रडू आले नाही. कोणते गाणे कोणत्या साली आले यावरून निवेदक चुकत होता ते मी तिला दोनदा सांगितले, आणि रात्री नेहमीच्या वेळेला जेवलो.